खंडेराव बघतील तिकडे

विंचूरच्या कांदा मार्केटात खंडेरावांनी एकतीस वर्षं लिलाव पुकारला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असायच्या. खंडेराव पुढं आणि मागं वीस-पंचवीस व्यापाऱ्यांचा घोळका, अशी ती वरात एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकायची. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं काम या माणसाच्या गळ्याचं आहे. पण गळा कुणालाही कमावता येतो, खरं काम डोळ्यांचं, असं ते स्वतः म्हणत. एखादा व्यापारी भुवई उचलून बोली वाढवायचा, दुसरा पेनाचं टोपण वाजवून. तिसरा तर नुसता कांद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघायचा, तेवढ्यात भाव चढायचा. माल घेऊन आलेल्या माणसाची नजरही ते वाचत. ट्रॉलीच्या ज्या कोपऱ्याकडे मालक मुळीच बघत नाही, नेमका तिथंच ओला माल दडवलेला असतो, हे त्यांचं ठरलेलं होतं आणि ते सहसा चुकत नसे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, चौथ्या ट्रॉलीपाशी, ‘एकवार’ म्हणून झालं आणि ‘दोनवार’ म्हणायला तोंड उघडलं, तर ते एका बाजूला ओढलं गेलं. हमालांनी धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. नाशिकला आणेपर्यंत उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. जीव वाचला. वाचा मात्र गेली, आणि गेली तीही विचित्र रीतीनं. पाणी हवं असो, कूस बदलायची असो, नाहीतर कुणाला ‘ये, बस’ म्हणायचं असो, तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा. एकवार. डॉक्टरांनी समजावलं की यांना सगळं कळतं, फक्त शब्द आत अडकलेत. मानेचंही तसंच झालं होतं. हो म्हणायला जावं तर मान आडवी हलायची, आणि नाही म्हणायला जावं तर कधी खाली, कधी आडवी. डाव्या हातानं काही दाखवायला जावं, तर तोही भलतीकडेच जायचा. पहिले काही महिने घरच्यांनी खूप विचारून बघितलं. पाणी देऊ का, पंखा लावू का, दुखतंय का. उत्तरावर भरवसा ठेवता येईना, तसं विचारणं हळूहळू बंद पडलं. रागानं नाही. नळाला पाणी येत नाही म्हटल्यावर माणूस तोटी फिरवायचं सोडून देतो, तसं.

मुलगा सोमनाथ नाशिकमध्येच अंबडच्या कारखान्यात होता, सून हर्षाली शाळेत शिकवायची. पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. तिथं हॉलच्या कोपऱ्यात खंडेरावांचा पलंग पडला. एकदा ते घसरून पडले, म्हणून सोमनाथनं पलंगाचे पाय कापून तो वीतभर उंचीवर आणला होता. दिवसभर घरात दोघंच. ते आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई. चंद्रभागाबाईंचा जन्म ओट्यावर, बांधावर, चार बायकांत गेलेला. इथं दार आतून लावलेलं आणि लिफ्टची भीती. नवऱ्याला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, यात त्यांचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. भेटायला येणारी माणसं पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ‘कसे आहेत नाना?’ असं चंद्रभागाबाईंना विचारायची. नानांना कुणी विचारायचं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या नजरा झेलल्या, त्याच्या अंगावरून त्या आता पाण्यासारख्या ओघळून जायच्या.

हर्षालीचा मामेभाऊ मनोज रोबो बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. पक्षाघात झालेल्या माणसांच्या सोबतीला त्यांनी एक रोबो तयार केला होता आणि चार महिने कुणाच्या तरी घरी ठेवून बघायचा होता. हर्षाली हो म्हणाली. एका रविवारी मनोज तो घेऊन आला. दीड-दोन फुटांचं पांढरं धड, गोल डोकं, दोन काळे डोळे. टेबलावर बसायचा, ‘नाना, गोळीची वेळ झाली’ म्हणायचा, हात वर करून व्यायाम दाखवायचा. मनोजनं जाता जाता सांगितलं, “आणखी एक आहे. नाना जिकडे बघतील तिकडे तोही बघेल. वस्तूचं नाव घेता येत नाही त्याला अजून, पण मान वळवेल. कुणीतरी आपल्याबरोबर बघतंय म्हटलं की माणसाला बरं वाटतं.” ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. सगळे रोबोबरोबर फोटो काढण्यात गुंतले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, आणि रोबोची मान कॅलेंडरकडे वळली. त्यांना वाटलं, योगायोग. त्यांनी दाराकडे बघितलं. क्षणभर थांबून मान दाराकडे वळली. मग त्यांनी व्यापाऱ्याची पारख करावी तशी त्याची पारख सुरू केली. गॅलरी, पंखा, पुन्हा गॅलरी, मग नुसतंच छत. प्रत्येक वेळी ते गोल डोकं त्यांच्या मागोमाग गेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, आपण बघतो ते बघायला कुणीतरी वळलं होतं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. चंद्रभागाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं पाठ दुखतेय, आणि त्यांनी कूस बदलली.

मग एक गंमत त्यांच्या ध्यानात आली. त्यांच्या नजरेमागं माणसं वळत नव्हती, पण रोबोच्या नजरेमागं वळत होती. संध्याकाळी सोमनाथ चहा पीत बसलेला असताना खंडेरावांनी खिडकीकडे बघितलं. रोबो वळला. सोमनाथही वळला. “हा खिडकीकडे का बघतोय? ऊन येतंय का नानांच्या तोंडावर?” म्हणत त्यानं उठून पडदा ओढला. त्या पडद्यासाठी खंडेरावांनी दोन उन्हाळे डोळे मिटून काढले होते. पुढं तर सवयच झाली. रोबो टीव्हीकडे बघू लागला की चॅनल बदलायचा, पाण्याच्या तांब्याकडे बघू लागला की पाणी द्यायचं. घरातले म्हणत, काय हुशार यंत्र आहे. हुशारी कुणाची, हे फक्त खंडेरावांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. लिलावातही भाव व्यापाऱ्याचा असायचा, पुकारणाऱ्याचा नव्हे.

दसऱ्याच्या आधी चंद्रभागाबाई फरशी पुसत होत्या. उकिडव्या बसून पाठमोऱ्या सरकताना त्यांच्या उजव्या पायाचा तळवा खंडेरावांच्या डोळ्यांसमोर आला. वीतभर उंचीच्या पलंगावरून त्यांना माणसांचे पायच जास्त दिसायचे. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, ओली. कडेची कातडी पांढरी पडलेली. चंद्रभागाबाईंना साखरेचा आजार होता, पाय बधिर झालेले. काहीतरी टोचलं असेल आणि त्यांना कळलंही नसेल.

“एकवार,” खंडेराव म्हणाले. त्यांनी तळव्यावरून नजर हलवली नाही. त्या वळल्या. रोबोही आपल्या पायाकडेच बघतोय, हे त्यांनी पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांना लगेच कळलं. बेचाळीस वर्षांचा संसार होता, त्यांना यंत्राची गरज नव्हती. जखम त्यांना आठ दिवसांपासून ठाऊक होती. त्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या.

“मला दवाखान्यात टाकलं तर तुम्हाला कुठं टाकतील, ठाव हाय ना?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सोमनाथ परवा फोनवर चौकशी करत व्हता. मखमलाबाद रोडला हाय म्हणं एक, असल्या माणसांना ठेवायचं ठिकाण. तिथं तुमचं एकवार कोण ऐकंल? म्या हळद भरलीय. व्हईल बरं. तुम्ही तिकडं पाहू नका.”

खंडेरावांनी दोन दिवस ऐकलं. बायको समोरून गेली की ते छताकडे बघत. सोमनाथचा तो फोन त्यांनीही ऐकला होता. घरात ते नाहीतच असं धरून सगळे बोलत, त्यामुळं त्यांच्या कानावर सगळंच पडायचं. दिवसभर कुलपाच्या आत बसलेल्या बाईला सोडवायचं, तर आपल्याला दुसऱ्या कुलपात जावं लागणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. भीती त्यांनाही वाटत होती. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना चंद्रभागाबाईंचा अंगठा दिसला. तो नखापासून काळा पडत चालला होता.

त्या संध्याकाळी सोमनाथ आणि हर्षाली दोघं घरी असताना खंडेरावांनी बघायला सुरुवात केली. चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, खंडेरावांचे डोळे त्यांच्या पायावर. त्या गॅलरीत गेल्या, डोळे मागोमाग. रोबोची मान इकडून तिकडे फिरत राहिली. हर्षालीनं बघितलं, सोमनाथनं बघितलं. लुगडं घोट्याखाली ओढलेलं होतं, पायात मोजे होते. काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

चंद्रभागाबाई अवघडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे यंत्र सारखं माझ्या पायाकडंच पाह्यतंय. बाईमाणसानं घरात वावरायचं कसं? मला नाय आवडत. त्या मनोजला सांग, नाहीतर घेऊन जा म्हणावं.”

सोमनाथ शरमला. आईनं असं काही बोलून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. बोलताना त्या नवऱ्याकडे चुकूनही बघत नव्हत्या. ओला माल आणलेला मालक कुठं बघत नाही, हे आयुष्यभर ओळखलेल्या माणसासमोर त्या उभ्या होत्या आणि तो माणूस ‘एकवार, एकवार’ म्हणत होता. रोबो म्हणाला, “नाना, काही हवंय का?” सोमनाथनं पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मनोज आला, लॅपटॉप जोडून अर्धा तास बसला आणि रोबो आता फक्त माणसांच्या चेहऱ्याकडे बघेल असं करून गेला. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे. खंडेरावांनी त्या दुपारी कॅलेंडरकडे बघितलं, दाराकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. ते दोन काळे डोळे त्यांच्याच चेहऱ्यावर खिळून राहिले. पूर्वी कुणी बघत नव्हतं ते बरं होतं, असं त्यांना वाटलं. आता सतत कुणीतरी तोंडाकडे बघतंय आणि काही कळून घेत नाहीये.

चंद्रभागाबाईंनी त्या दिवशी त्यांना शिरा करून भरवला. भरवताना त्यांचे डोळे भरून येत होते. खंडेरावांनी दोन घास घेतले आणि ओठ मिटले.

आठ-दहा दिवसांत हॉलमध्ये वास येऊ लागला. हर्षालीला वाटलं, नानांची पाठ सडतेय की काय. तिनं आणि सोमनाथनं मिळून त्यांना उपडं केलं, पाठ तपासली, गादी उन्हात टाकली, अंग डेटॉलच्या पाण्यानं दोनदा पुसलं. मुलगा आणि सून आपलं उघडं अंग हुंगताहेत, हे खंडेरावांनी डोळे मिटून सोसलं. चंद्रभागाबाई बादली धरून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हा आळ नवऱ्यावर पडू दिला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्या बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या होत्या. भांडं एकही घासलेलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली आणि हर्षाली दिवसभर घरी राहू लागली. दोन वर्षांत तिनं सासऱ्यांची दुपार कधी नीट बघितली नव्हती. खंडेराव सारखे खाली, फरशीकडे बघतात, हे तिला जाणवलं. आधी तिला वाटलं, खचलेत. मग मनोजचा फोन आला, रोबो नीट चाललाय ना विचारायला. ती सहज म्हणाली की तेव्हाचं ते पायाकडे बघण्याचं खूळ गेलं, बरं झालं. मनोज म्हणाला, “ताई, ते खूळ नव्हतं. यंत्रात बिघाड नव्हताच. नाना बघत होते तिकडे तो बघत होता. तुम्ही सांगितलंत म्हणून मी बंद केलं.”

हर्षालीनं फोन ठेवला. सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. ती पलंगाशी गेली आणि खाली फरशीवर बसली. मग तिनं आपलं डोकं खंडेरावांच्या उशीशी टेकवलं, त्यांच्या गालाजवळ गाल आणला. त्यांचे डोळे जिथं लागले होते तिथं बघत राहिली. रोबो दोघांच्या तोंडाकडे बघत होता. खंडेरावांचा श्वास जोरात चालू होता. गॅलरीचं दार वाजलं, चंद्रभागाबाई आत आल्या, आणि उंबऱ्यावरून पाय उचलताना लुगड्याची कड वर गेली. मोज्याच्या अंगठ्याखाली काळपट, ओला डाग पसरला होता, आणि पाऊल टाकल्याबरोबर फरशीवर त्याचा ठसा उमटला.

“आई, मोजा काढा,” हर्षाली म्हणाली.

“काय नाय झालं.”

“आई, नाना महिनाभर सांगताहेत. काढा.”

चंद्रभागाबाई खाली बसल्या. मोजा निघेना, कातडीला चिकटला होता. तो भिजवून काढावा लागला. हर्षाली उठून न्हाणीघरात गेली आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन परत आली.

दवाखान्यात अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. आणखी आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता, आणि कदाचित बाईही, असं डॉक्टर म्हणाले. चंद्रभागाबाई बावीस दिवस तिथं होत्या. सोमनाथनं जितकी रजा मिळाली तितकी घेतली, हर्षालीनं सुट्टी ताणून बघितली. शेवटी जे व्हायचं होतं तेच झालं. खंडेरावांना मखमलाबाद रोडच्या त्या केंद्रात ठेवावं लागलं. सोमनाथ त्यांना व्हॅनमध्ये चढवताना म्हणाला, “नाना, थोडे दिवस. आई घरी आली की लगेच.” खंडेराव ‘एकवार’ म्हणाले. ते काय म्हणत होते, हे कुणालाच कळलं नाही.

केंद्र वाईट नव्हतं. वेळेवर जेवण होतं, चादरी स्वच्छ होत्या. एका खोलीत सहा पलंग, सगळे उंच. पंखा समोर, खिडकी डोक्यामागं. तिथल्या बायका चांगल्या होत्या, पण एकेकीकडे बारा-बारा माणसं. खंडेराव दाराकडे बघत तेव्हा दारातून जाणारी बाई त्यांच्याकडे बघून हसायची आणि निघून जायची. आठ दिवसांत त्यांच्या पाठीला जखम झाली. हर्षाली शनिवारी भेटायला गेली. ती त्यांच्या नजरेमागं वळत गेली. आधी खिडकी, मग तांब्या. दोन्ही चुकलं. मग ती थांबली. खंडेराव बघत कुठंच नव्हते, अंग उचलून उशीकडे सरकू पाहत होते. तिनं सदऱ्याखाली हात घातला आणि तो ओला बाहेर आला. तिनं तिथंच केंद्राच्या लोकांशी भांडण काढलं.

दोघं घरी आले ते एकाच दिवशी. चंद्रभागाबाई वॉकर धरून, खंडेराव स्ट्रेचरवर. दिवसा सांभाळायला लताबाई नावाची एक बाई ठेवली. चंद्रभागाबाई आठवडाभर नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या खुर्चीत बसायच्या आणि लताबाई त्यांची कामं कशी चुकीची करते ते बघत राहायच्या. मग एका सकाळी, खंडेरावांच्या पाठीच्या जखमेला मलम लावताना, त्या पाठीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, “तुम्ही पाह्यलं नसतं तर मी गेले असते, डॉक्टर म्हणला. आन् पाह्यलं म्हणून तुमची ही गत झाली. आता म्या कुणाला काय म्हणू?” त्यांचा हात मात्र थांबला नाही. एवढंच त्या बोलल्या, पण त्या दिवसापासून बोलू लागल्या.

चार महिने भरले तसा मनोज येऊन रोबो घेऊन गेला. जाताना तो खंडेरावांच्या पाया पडला. रोबोची आता कुणाला गरज वाटत नव्हती. घरात सगळेच खंडेरावांची नजर बघू लागले होते. सोमनाथ तर अपराध्यासारखा. त्यांनी पंख्याकडे बघितलं की पंखा लागायचा, दाराकडे बघितलं की कुणी आलंय का म्हणून दार उघडायचं. लताबाईच्या पायाकडे नजर गेली तर तिला चप्पल काढून पाय दाखवायला लावले. टीव्हीवर कांद्याच्या बाजाराची बातमी लागली आणि त्यांनी नजर बाजूला घेतली, तर सोमनाथनं टीव्हीच बंद केला आणि तो पुन्हा लावायला दोन दिवस घाबरला. पूर्वी त्यांच्या नजरेला काही किंमत नव्हती. आता फुकटची नजर म्हणून उरली नव्हती. उगाच कुठंतरी बघत बसावं, म्हातारा माणूस ओट्यावर बसून बघतो तसं, ही सोय गेली. विसावा हवा असला की ते डोळे मिटून घ्यायचे. मग घरातले हळू आवाजात बोलायचे, नाना झोपलेत म्हणून.

परवा दुपारी लताबाई जेवायला गेल्यावर दोघंच होते. खंडेराव गॅलरीपलीकडच्या इमारतीकडे बघत होते. तिच्या भिंतीवर उन्हाचा पट्टा होता, बाकी काही नव्हतं. चंद्रभागाबाईंनी वॉकर ओढला, पलंगाशी येऊन बसल्या आणि त्याच भिंतीकडे बघू लागल्या. खिडक्या बघितल्या, गच्ची बघितली, पाण्याच्या टाक्या बघितल्या.

“काय हाय तिथं?” त्यांनी विचारलं.

“एकवार,” खंडेराव म्हणाले.

त्या पुन्हा नीट बघू लागल्या, डोळ्यांवर हात धरून. काही आहे हे सांगायची वाट खंडेरावांना सापडली होती. काही नाही हे सांगायची वाट मात्र नव्हती. खंडेरावांनी नजर भिंतीवरून काढली नाही. काढली असती तर ती जिथं गेली असती, तिथंही चंद्रभागाबाई शोधायला गेल्या असत्या.